चौथं वर्तुळ

तिनं सासूबाईंच्या स्वेटरच्या काठाला माईकचा चिमटा लावला आणि दोघींनीही एकमेकींना ओळखलं नाही.

"टोचत नाही ना, आजी?"

"नाही हो बाई. तुम्ही लावा सावकाश."

जिनं नऊ वर्षं 'अगं ए' याखेरीज हाक मारली नव्हती, ती बाई 'हो बाई' आणि 'तुम्ही' म्हणत होती. म्हणजे घरून पढवून आणलं होतं. तिथं गेल्यावर ओळख दाखवायची नाही, असं बाळनंच बजावलेलं असणार. बाळ म्हणजे सासूबाईंचा मुलगा, कानशिलं पांढरी झाली तरी आईच्या तोंडी बाळच राहिलेला, आणि हिचा पूर्वीचा नवरा. नवरा कागदावर सही केली की पूर्वीचा होतो. सासूचं काय करायचं, ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं, त्यामुळे मनातल्या मनात ती अजून त्यांना सासूबाईच म्हणत होती.

चाचणीची खोली छोटी होती. मधे टेबल, दोन खुर्च्या, छताला कॅमेरा आणि एका भिंतीत माणूसभर उंचीचा आरसा. आरशामागच्या अंधाऱ्या खोलीत विभागाच्या मॅडम बसत आणि ज्याचं ॲप असेल तो बसे. तिकडून इकडचं सगळं दिसे, ऐकू येई. वापरणाऱ्याची खुर्ची नेहमी आरशाला तिरकी असायची, म्हणजे माणूस बुजत नाही. आज सकाळी तिनं ती सरळ केली होती. बाळला आईचा चेहरा पुरा दिसायला हवा होता. आई अडखळेल, इकडंतिकडं बघेल, 'मला मेलीला काय जमतंय' म्हणेल, ते सगळं त्याला समोरून दिसायला हवं होतं, आणि काचेवर टकटक करायचीसुद्धा त्याला मुभा नव्हती. चाचणी चालू असताना ॲप बनवणाऱ्यानं अवाक्षर काढायचं नाही, हा तिथला पहिला नियम. ज्या माणसानं घरात कधी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, तो अर्धा तास गप्प बसणार, या विचारानंच तिला रात्री छान झोप लागली होती.

कंपनी एक समाजमाध्यम चालवत होती. लोकांचे फोटो, वाढदिवस, भांडणं आणि मनधरण्या सगळं त्यावर चाले. त्याच्या आत चालणारी छोटी छोटी ॲप्स बाहेरची माणसं बनवून आणत. मात्र ॲप लोकांपुढे जाण्याआधी ते पाच साध्या माणसांनी, कुणीही न शिकवता, वापरून दाखवायचं. चार परके आणि पाचवा घरचा, म्हणजे हे कुणासाठी केलं म्हणून बनवणारा सांगतो तो माणूस. बाळच्या ॲपला चौघांतल्या दोघांनी तारलं होतं आणि दोघांनी बुडवलं होतं. निकाल पाचव्यावर अडला होता.

चाचणी आपण घेऊ नये, हे तिनं मॅडमना सांगून पाहिलं होतं. सांगताना मनात धाकधूक होती की त्या खरंच ऐकतील.

"तो माझा नवरा होता," ती म्हणाली होती.

"चाचणी घेणारा बोलतोच कुठं? मग ओळख असली काय नि नसली काय," मॅडम म्हणाल्या होत्या. "आणि काचेमागं मी आहेच की."

ॲपचं नाव होतं 'हाक'. पडद्यावर फक्त चार मोठी वर्तुळं, प्रत्येकात एक चेहरा. चेहऱ्यावर बोट ठेवायचं, बोलायचं, बोट उचलायचं, की निरोप गेला. पलीकडच्यानं ऐकला की वर्तुळ निळं होतं, तोवर रिकामं राहतं. याहून सोपं काही करता आलं असतं तर तिनं ते केलं असतं. होय, तिनंच. 'हाक' जन्मली ती सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर, तिच्या मांडीवरच्या कागदांत. यंत्राला कळेल अशा भाषेत ते बाळनं उतरवलं, हे ती कधी नाकारत नव्हती. पण घर फुटल्यावर त्यानं ते एकट्याच्या नावावर लावलं, आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला, आणि वर भाषणं द्यायला लागला. 'आईच्या थरथरत्या बोटांनी मला शिकवलं' असं तो एका मुलाखतीत म्हणाला होता. सासूबाईंची बोटं कधीच थरथरत नव्हती. त्यांचा उजवा अंगठा पेरात वाकत नव्हता, एवढंच. पण ते कळायला बोटं बघावी लागतात. ती मुलाखत तिनं पाहिली आणि त्या दिवसापासून डूख धरला. ही नोकरी तिनं पगारासाठी घेतली असं ती सगळ्यांना सांगे, आणि आज ना उद्या 'हाक' याच दारातून येणार, हे कुणालाच सांगत नसे.

तिला काही लांडीलबाडी करायची गरज नव्हती. शेवटचं काम होतं नवा माणूस जोडण्याचं. ते बाळनं नंतर घातलेलं होतं, त्यात तिचा हात नव्हता, आणि जोडायचं अधिकाचं चिन्ह त्यानं पडद्याच्या पार वरच्या कोपऱ्यात टांगलं होतं, तेही मुगाएवढं. न वाकणारा अंगठा तिथं पोचणार नव्हता. तिला फक्त गप्प बसायचं होतं.

"ह्या कोण?" तिनं विचारलं.

सासूबाईंना हाताला धरून आणलेली शेजारीण तिच्या पाठीमागं, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसली होती. ही नव्यानं राहायला आलेली असावी.

"मी त्यांच्या शेजारची. त्यांना जिना उतरवत नाही ना, म्हणून म्हटलं आपण जाऊ, नाहीतरी मला त्या बाजूला—"

"बसा तुम्ही. फक्त चाचणी संपेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही."

शेजारणीनं चालू नळ बंद केल्यासारखं तोंड मिटलं आणि वर हात ठेवला.

तिनं सासूबाईंकडे वळून ठरलेलं सांगायला सुरुवात केली. "आजी, मी तुम्हाला कामं सांगेन, ती तुमच्याच फोनवर करायची. करताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलायचं."

"जे येईल ते?"

"जे येईल ते."

"मुलगा म्हणाला होता, थोडकं बोल."

"इथं सगळं बोललेलं चालतं," ती म्हणाली आणि आरशाकडे न बघण्याची काळजी घेतली.

पहिलं काम होतं कुणालाही एक निरोप पाठवण्याचं. सासूबाईंनी चष्मा वर सरकवला आणि त्यांचा अंगठा कुठंही न थबकता पहिल्या वर्तुळावर जाऊन बसला.

"ताई, मी एका कचेरीत आलेय. इथं हा एवढा मोठा आरसा आहे. माझे केस मागून उभे राहिलेत, निघताना कुणी मेलं सांगितलं नाही. गुडघ्याला तेल लाव." त्यांनी अंगठा उचलला. "गेलं. आता मनातलं बोलायचं ना? हे गोल बघा, खाली आहेत सगळे. बाकीच्या फोनात सगळं वरती असतं. माझा हा अंगठा वाकत नाही, म्हणून खाली घेतलेत. माझ्या सुनेनं घेतले. माझ्यापाशी फरशीवर बसायची आणि म्हणायची, आई, तुम्ही दाबा, मी नुसती बघते. मी चुकले तरी हसायची नाही. कागदावर काहीतरी खोडायची."

आरशामागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

चाचणी घेणाऱ्याला तीनच वाक्यं बोलायची परवानगी असते. पुढं काय कराल, तुम्हाला काय वाटतं, आणि याबद्दल आणखी सांगाल. तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिनं त्यातलं तिसरं वाक्य निवडलं आणि अगदी कोरड्या आवाजात विचारलं.

"याबद्दल आणखी सांगाल?"

"सांगते की. आधी हे लाल होत होतं. मला लाल काही दिसायचं नाही नीट, मळकं दिसायचं. मी बोलले नव्हते, उगाच कशाला म्हातारपणाचं रडगाणं. पण तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी निळं."

"याबद्दल आणखी सांगाल?"

"मुलगा तेव्हा पलीकडच्या खोलीत असायचा. दार लावून. कामच करत असायचा, खोटं कशाला बोलू. चहा द्यायला गेलं की म्हणायचा, ठेव तिथं."

हे सगळं छतावरच्या कॅमेऱ्यात जात होतं. मॅडम ऐकत होत्या. तिनं कागदावर नजर ठेवली, कारण चेहऱ्यावर काय उमटलंय याचा भरवसा नव्हता. तिनं एवढंच मागितलं होतं की ॲप पडावं. इथं तर त्याची मुलाखतच सोलून निघत होती, आणि तीही त्याच्या आईच्या हातून. काचेमागं तो दातओठ खात असेल, मॅडमकडे बघून कसनुसं हसत असेल. तिला ते दिसत नव्हतं, एवढीच काय ती खंत होती.

"दुसरं काम. तुमचे निरोप कुणीकुणी ऐकले, ते बघून सांगा."

"ताईनं ऐकलं. बघा, आत्ताच्या आत्ता निळं झालं. रिकामटेकडीच आहे ती. ही माझी लेक, परदेशात असते. तिनं सकाळचं ऐकलं. हा मुलगा." त्यांचा अंगठा तिसऱ्या वर्तुळापाशी थांबला. "हा रिकामा."

"पुढं काय कराल?"

"काही नाही. हा रिकामाच असतो."

टेबलाच्या कडेला बसवलेला बारीक दिवा लागला. मॅडमना वाटलं की पुरे झालं, पुढं चला, तर त्या तिकडून तो दिवा लावत. तिनं दिव्यावर हात ठेवला.

"याबद्दल आणखी सांगाल?"

शेजारीण तिच्या मागं चुळबुळली. सासूबाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"कामाच्या जवळ राहायला गेला तो. जायलाच हवं. मी रोज संध्याकाळी बोलते त्याच्याशी. म्हणजे ह्या गोलाशी. आज काय केलं, कोण आलं. तो सगळीकडे सांगतो ना, आईला माझ्याशी बोलता यावं म्हणून केलंय. येतंय की मला बोलता. त्याचं काही चुकलेलं नाही."

दिवा तिच्या हाताखाली दोनदा मिणमिणला. इथं थांबायला हवं होतं. पण इतकी वर्षं गिळलेलं सगळं आता कुठं उतरत होतं, आणि उट्टं काढायला बसलेल्या माणसाला पोट भरल्याचं लवकर कळत नाही.

"आणखी सांगाल?"

"सांगू?" सासूबाईंनी विचारलं. मग सांगितलं. "मागं मी बाथरूममध्ये पडले. फोन स्वेटरच्या खिशात होता, हे एक बरं. त्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, म्हटलं, बाळ, पडलेय, उठवत नाही, ये. गोल रिकामा. पुन्हा ठेवलं. रिकामा. ताई दुपारची झोपते. लेकीकडं तेव्हा मध्यरात्र. मग बोट आपलं सवयीनं चौथ्यावर गेलं."

त्यांनी चौथ्या वर्तुळाकडे बोट दाखवलं. त्यात चेहरा नव्हता. करड्या रंगाची नुसती चकती होती.

"इथं सून होती माझी. ती कुठंही असली, कामात असली, तरी ऐकायची. मी बोट उचलायच्या आत निळं. तिचं नि माझं काही भांडण नव्हतं हो. त्या दोघांचं होतं. पण जाताना तिनं इथूनही स्वतःला काढून घेतलं. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. कितीतरी दिवस शोधत होते." मग सासूबाईंनी पहिल्यांदाच फोनवरून नजर उचलली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. "बाळला कळलंसुद्धा नाही ती तिथून गेल्याचं. तो कधी उघडतो? मलाच कळलं."

तिच्यापाशी तीन वाक्यं होती. तिनं ती मनात एकामागून एक लावून पाहिली.

घर सोडलं त्या दुपारी टॅक्सीत बसल्याबसल्या तिनं 'बाहेर पडा' दाबलं होतं. एकदा दाबलं की काम व्हावं, 'नक्की का' अशी विचारणा नको, ही सोय तिनंच केलेली. कुणी निघून गेलं तर म्हाताऱ्या माणसाला तशी सूचना जाऊ नये, उगाच वाईट वाटतं, चेहरा आपोआप नाहीसा व्हावा, हेही तिनंच आग्रहानं ठरवलेलं. त्यामुळे पलीकडच्या फोनवर काय दिसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी दाबलं. बाळला झोंबावं म्हणून दाबलं.

दिवा आता सलग लागून राहिला होता. तिनं हात काढला आणि कागदावरचं वाचलं.

"शेवटचं काम. रिकाम्या जागी एक नवीन माणूस जोडा."

"हे मला कुणी दाखवलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय वाटतं?"

"बघूया तरी."

त्यांनी आधी करड्या चकतीवर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. अंगठा वर वर सरकत गेला, अर्ध्यात थांबला, परत खाली आला. ह्याच घटकेची ती वाट बघत होती. आता त्यांनी 'जमत नाही' म्हणायचं, तिनं 'बरं' म्हणायचं, आणि 'हाक' पडली. ती श्वास धरून बसली, आणि तिच्या ध्यानात आलं की ते चिन्ह सापडावं म्हणून आपण श्वास धरलाय.

सासूबाईंनी फोन टेबलावर उताणा ठेवला, एका हातानं दाबून धरला आणि दुसऱ्या हाताच्या पहिल्या बोटानं वरच्या कोपऱ्यातला ठिपका दाबला.

"हे बघा कुठं नेऊन ठेवलंय. माळ्यावर डबा ठेवावा तसं. हे काही सुनेचं काम नव्हे." पडदा बदलला. "आता फोटो मागतंय."

त्यांनी फोन उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला.

ती आपोआप ताठ बसली. कपाळावर आलेली बट तिनं कानामागं सारली. आरशामागं बाळ आहे, मॅडम आहेत, सगळं रेकॉर्ड होतंय, हे तिला त्या क्षणी आठवलंही नाही. हसावं की नको, एवढाच प्रश्न तिला पडला होता.

"बाई, जरा बाजूला होता का?" सासूबाई म्हणाल्या. "मागची दिसत नाहीये."

तिनं खुर्ची बाजूला घेतली. पायांचा फरशीवर कर्रकन आवाज झाला.

मागं शेजारणीनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून डोळ्यांनीच विचारलं, मी?

"तूच. हस जरा. कशी बसलीयस फोटोला बसल्यासारखी!" सासूबाईंनी फोटो काढला. "मी पडले त्या दिवशी हिनं भिंतीवरच्या माझ्या थापा ऐकल्या. दार फोडून घेतलं. आता नंबर सांग."

शेजारणीनं तोंडावर हात ठेवून मान हलवली. बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मग तिला युक्ती सुचली आणि तिनं दोन्ही हात वर करून बोटांनी एकेक आकडा दाखवायला सुरुवात केली. सासूबाई बोटं मोजून आकडा दाबत, मान वर करून पुढचा बघत. शून्याला शेजारणीनं मूठ दाखवली. दोघींनाही हसू आवरत नव्हतं. मधे बाजूला सरकून बसलेल्या तिला त्या दोघींच्या नजरा आपल्याला वळसा घालून जाताना दिसत होत्या.

चौथ्या वर्तुळात शेजारणीचा तोंडभर हसणारा चेहरा आला. सासूबाईंनी त्यावर अंगठा ठेवला.

"चल, झालं यांचं. घरी जाऊ."

भिंतीपाशी पिशवीत फोन वाजला. शेजारणीनं तो घाईघाईनं काढला, कानाला लावला, आणि वर्तुळ निळं झालं. सासूबाईंनी फोन टेबलावर ठेवून ते दाखवलं. मग टेबलाचा आधार घेऊन उठल्या.

"आई," ती म्हणाली.

सासूबाई वळल्या. चेहऱ्यावर परक्या माणसाशी बोलतानाची सगळी अदब होती.

"मला म्हणालात, बाई?"

छतावरचा कॅमेरा चालू होता, पण तिचं अडलं होतं ते त्याच्यामुळे नव्हतं.

भिंतीतला स्पीकर खरखरला. आरशामागून मॅडमचा आवाज आला. "पाचवी चाचणी पास. एकही चूक नाही."

"ऐकलंस?" सासूबाई शेजारणीचा दंड धरत म्हणाल्या. "एकही चूक नाही म्हणतात."

आणि दोघी बाहेर पडल्या.